जंतूंचा गजर आणि आपली गोळी

मंडळी, स्मरणिकेसाठी लेख मागणारा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कॉम्प्युटरवर काही लिहू का?" पलीकडून तितक्याच तत्परतेनं उत्तर आलं, "नको हो, काही तरी वेगळं लिहा!" वेगळं म्हणजे काय, याचा विचार करताना लक्षात आलं की गेले काही महिने आमच्या घरात एकाच विषयावर चर्चा चालू आहे, आणि तो विषय आहे बॅक्टेरिया. आता गणपतीतल्या मोदकांची आणि मुलांच्या चित्रांची पानं उलटता उलटता जंतूंवरचा लेख समोर आला तर दचकू नका. शेवटपर्यंत वाचलात तर तो जंतूंपेक्षा आपल्याबद्दलच आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

विषय सुरू झाला तो आमच्या कन्येमुळे. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये अकरावीला आहे आणि तिला जीवशास्त्राचा प्रोजेक्ट करायचा होता. विषय होता, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आला की जीवाणू आपली जनुकं कशी चालू-बंद करतात. मला त्यातलं 'चालू-बंद' तेवढं ओळखीचं वाटलं. "बॅक्टेरियाला पण स्ट्रेस येतो?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "येतो. पण ते तुमच्यासारखी चिडचिड करत नाहीत, कामाला लागतात." पुढे काही बोलायला जागाच ठेवली नाही!

प्राणवायूची दुसरी बाजू

लहानपणी गुडघा फुटला की डॉक्टर जखमेवर एका बाटलीतलं पाण्यासारखं औषध ओतायचे आणि जखमेवर पांढरा फेस फसफसून यायचा, आठवतंय? ते हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्या रक्तात आणि पेशींत 'कॅटालेज' नावाचं एक एन्झाइम असतं. ते पेरॉक्साइडचे तुकडे करून पाणी आणि ऑक्सिजन तयार करतं. फेस दिसतो तो त्या ऑक्सिजनचा.

गंमत अशी, की हे पेरॉक्साइड फक्त बाटलीत नसतं. प्राणवायूवर जगणाऱ्या प्रत्येक पेशीत ते थोडं थोडं सतत तयार होत असतं. ज्या ऑक्सिजनला आपण 'प्राण' म्हणतो तोच लोखंडाला गंज चढवतो. समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्या दोहाकरांना गंज म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पेशीतही लोह असतं. पेरॉक्साइड आणि लोह एकत्र आले की 'हायड्रॉक्सिल रॅडिकल' नावाचा एक अत्यंत आक्रमक रेणू तयार होतो. ही रासायनिक क्रिया हेन्री फेंटन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८९४ साली सांगितली, म्हणून तिला फेंटन क्रिया म्हणतात. हा रेणू समोर येईल त्याला चावतो, मग ते प्रथिन असो की डीएनए. या साऱ्या भडिमाराला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

आपलं शरीर याच भडिमाराचा शस्त्र म्हणून उपयोग करतं. जंतू आत शिरला की आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात आणि पोटात घेऊन त्याच्यावर सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड यांचा मारा करतात. म्हणजे जंतूच्या दृष्टीनं पाहिलं तर घरातही धोका आणि बाहेरही धोका. मग तो जगतो कसा?

कुकरची शिट्टी

याचं उत्तर सर्वांत आधी नीट मिळालं ते आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय आणि त्याच्या जातभाई साल्मोनेला या जंतूंमध्ये. १९८३ साली ब्रूस डेंपल आणि हॅलब्रुक या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ई. कोलायला आधी पेरॉक्साइडचा अगदी थोडा डोस दिला, तर नंतरचा एरवी मारून टाकणारा मोठा डोस तो पचवतो. म्हणजे पहिल्या डोसानंतर आत काही तरी चालू होत होतं. १९८५ साली अमेरिकेत ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेत त्यामागचा सूत्रधार सापडला. त्याचं नाव ऑक्सीआर.

ऑक्सीआर हे एक प्रथिन आहे. ते नेहमी तयार असतं आणि डीएनएवर ठरावीक जागी बसून असतं. त्याच्या अंगावर गंधक असलेले दोन बिंदू आहेत, शास्त्रज्ञांच्या मोजणीप्रमाणे १९९ व्या आणि २०८ व्या स्थानावरचे सिस्टीन. एरवी ते एकमेकांपासून दूर असतात. पेरॉक्साइड वाढलं की ते त्यांतल्या पहिल्यावर क्रिया करतं आणि दोघांमध्ये एक पूल बांधला जातो. पूल बांधला गेला की प्रथिनाचा आकार बदलतो, आणि बदललेल्या आकाराचं ऑक्सीआर जनुकं वाचणाऱ्या यंत्रणेला बोलावून घेतं, "या, इथून वाचायला सुरुवात करा." हा पूल १९९८ साली गिसेला स्टोर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडून दाखवला.

संध्याकाळी अ‍ॅस्पायर पार्कमध्ये फेऱ्या मारताना कन्येनं मला हे समजावलं, तेव्हा मी म्हटलं, "हे तर आमच्या सर्व्हर मॉनिटरिंगसारखं झालं!" आयटीत आम्ही एक मर्यादा ठरवून देतो. ती ओलांडली की अलार्म वाजतो आणि पुढचे प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात. इथेही तसंच. शिवाय वेग बघा. पेरॉक्साइड अंगावर आल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात ऑक्सीआर जागं झालेलं असतं. आमच्या ऑन-कॉल इंजिनिअरला तेवढ्या वेळात फोनसुद्धा सापडत नाही.

जागं झाल्यावर ते काय काय करवतं? पेरॉक्साइड फोडणारी एन्झाइम्स मोठ्या प्रमाणात बनवली जातात. त्यांतल्या एकाचं नाव कॅटजी. ते नाव लक्षात ठेवा, पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे. लोहाची आयात कमी करणारं प्रथिन वाढवलं जातं. डीपीएस नावाचं आणखी एक प्रथिन मोकळं लोह उचलून कोठारात ठेवतं आणि डीएनएभोवती पांघरुणासारखं बसतं. म्हणजे आग विझवा, घरातलं रॉकेल बाहेर ठेवा आणि महत्त्वाची कागदपत्रं कपाटात बंद करा, अशी तिन्ही कामं एकाच हुकमावर! सुपरऑक्साइडसाठी सॉक्सआर नावाचा वेगळा पहारेकरीही आहे. तो लोह-गंधकाच्या एका नाजूक जुळणीच्या आधारानं धोका ओळखतो.

पण मला सर्वांत आवडलं ते पुढचंच. जी जनुकं चालू होतात त्यांत ऑक्सीआरमधला तो पूल तोडणारी प्रथिनंही असतात. म्हणजे गजर वाजवणाऱ्यानंच गजर बंद करणाऱ्यालाही बोलावून ठेवलेलं असतं. पेरॉक्साइड संपलं की थोड्याच मिनिटांत सगळं पूर्ववत. कुकरमध्ये वाफ वाढली की शिट्टी उचलली जाते, वाफ गेली की ती आपली आपण खाली बसते, तसंच. कारण चोवीस तास युद्धपातळीवर राहणं जंतूलाही परवडत नाही. प्रथिनं बनवायला शक्ती लागते, आणि लोह कुलपात ठेवलं की रोजची कामं अडतात. वेळेवर सावध होणं आणि वेळेवर शांत होणं, या दोन्ही गोष्टी त्या एवढ्याशा जिवाला जमतात. (सौ. म्हणाली, "पहिली तुम्हाला जमते.")

टीबीचा जंतू वेगळा

प्रोजेक्टमध्ये 'रोगाशी संबंध' असा एक भाग लिहायचा होता. कन्येनं क्षयरोग निवडला, आणि इथून पुढे हा विषय तिचा न राहता माझाही झाला.

क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या ज्या भक्षक पेशींनी त्याला मारायचं, त्यांच्याच आत घर करून राहतो. म्हणजे पेरॉक्साइडच्या कारखान्यात बिऱ्हाड! अशा जंतूचं ऑक्सीआर किती तल्लख असेल असं वाटतं ना? १९९५ साली तपासून पाहिलं तर त्याचं ऑक्सीआरचं जनुक चक्क मोडलेलं निघालं. ठिकठिकाणी अक्षरं गळालेली, वाचता न येणारी. त्याचा चुलतभाऊ म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू. त्याचं ऑक्सीआर शाबूत, पण कॅटजीचं जनुक मोडलेलं. एकाकडे गजर नाही, दुसऱ्याकडे बंब नाही.

मग क्षयाचा जंतू तगतो कसा? त्यानं इतर व्यवस्था केल्या आहेत. त्याचं जाड, मेणचट कवच आहे. मायकोथायॉल नावाचं गंधकयुक्त द्रव्य तो आत साठवून ठेवतो. कॅटजीवर फ्युरए नावाचं दुसरं प्रथिन नियंत्रण ठेवतं. सिग्-एच नावाचं एक प्रथिन एरवी दुसऱ्या प्रथिनानं बांधून ठेवलेलं असतं. ऑक्सिडेशनचा मारा झाला की बांधणारं सैल पडतं आणि सिग्-एच सुटून बचावाची जनुकं चालू करतं. आणि प्राणवायू कमी झाला किंवा आपल्या पेशींनी नायट्रिक ऑक्साइड सोडलं, तर आणखी एक व्यवस्था जवळजवळ पन्नास जनुकं चालू करून जंतूला एक प्रकारे झोपवते. या व्यवस्थेवर दिल्लीच्या 'एम्स'मध्ये जया त्यागी यांच्या प्रयोगशाळेनं सुरुवातीपासून महत्त्वाचं काम केलं आहे. हा झोपलेला जंतू वर्षानुवर्षं माणसाच्या छातीत राहू शकतो. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग झालेला असावा असा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक कधीच आजारी पडत नाहीत, आणि जंतू झोपलेला असताना ते कुणाला रोग देतही नाहीत.

माझी नऊ महिन्यांची गोळी

त्या एक चतुर्थांशात बहुधा मीही आहे. २००३ साली मी एम.एस. करायला अमेरिकेत गेलो. पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या दवाखान्यात नर्सनं हाताच्या कातडीत एक बारीक सुई टोचली आणि दोन दिवसांनी परत बोलावलं. हातावर चांगली टणक गांधी आली होती. तिनं छोट्या पट्टीनं ती मोजली आणि म्हणाली, "पॉझिटिव्ह." आपल्याकडे जन्मतःच बीसीजीची लस देतात, तिच्यामुळेही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. पण एवढ्यावर निर्धास्त राहायची डॉक्टरांची तयारी नव्हती. एक्स-रे स्वच्छ आला. "तुम्हाला आजार नाही, जंतू झोपलेला असू शकतो. नऊ महिने रोज एक गोळी घ्या," असं सांगण्यात आलं. गोळीचं नाव आयसोनियाझिड, तीनशे मिलिग्रॅम. सोबत हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-सिक्स. यकृतासाठी मद्य वर्ज्य. (आईला फोनवर यातलं फक्त शेवटचं सांगितलं, ती फार खूश झाली.)

हल्ली संसर्ग आहे की नाही हे पाहायला रक्ताची चाचणी निघाली आहे, तिला बीसीजी फसवत नाही. उपचारही तीन-चार महिन्यांचे आले आहेत. पण तेव्हा नऊ महिने म्हणजे नऊ महिने. साधारण दोनशे सत्तर गोळ्या मी परीक्षा, थंडी आणि पार्ट-टाइम नोकरी सांभाळत घेतल्या.

मी कशासाठी गोळ्या घेत होतो हे मला ठाऊक होतं. त्या आत काय करत होत्या, हे मात्र वीस वर्षांनी मुलीच्या प्रोजेक्टमुळे कळलं, आणि मी थक्क झालो. आयसोनियाझिडची गोळी स्वतः निरुपद्रवी असते. तिला धार लावतं ते जंतूचंच कॅटजी! होय, पेरॉक्साइडपासून बचाव करायला जंतूनं बाळगलेलं तेच एन्झाइम गोळीवर क्रिया करतं, आणि त्यातून असा पदार्थ तयार होतो जो जंतूचं मेणचट कवच बनवण्याचं काम थांबवतो. आपल्या पुराणातला भस्मासुर आठवा. ज्या हाताच्या जोरावर तो निर्भय झाला, तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावला! आयसोनियाझिड प्रयोगशाळेत बनलं १९१२ साली, क्षयावर त्याचा उपयोग कळला १९५१-५२ च्या सुमाराला, आणि कॅटजीचं हे गुपित उलगडलं १९९२ साली. कुष्ठरोगाच्या जंतूवर ही गोळी का चालत नाही, हेही आता स्पष्ट होतं. त्याच्याकडे कॅटजीच नाही, मग धार लावणार कोण?

कॉन्फिगरेशन आणि कोड

आता थोडी आयटीची भाषा बोलू द्या. सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रकारचे बदल असतात. एक कॉन्फिगरेशनचा. चालू प्रोग्रॅममध्ये एखादं बटण दाबलं, गरज संपली की परत बंद केलं. दुसरा खुद्द कोडमधला. तो एकदा बदलला की त्यापुढची प्रत्येक कॉपी बदललेलीच निघते.

ऑक्सीआर, सिग्-एच, झोपेची व्यवस्था हे सगळं कॉन्फिगरेशन. जनुकं तीच, फक्त चालू किंवा बंद. या बदलांमुळे जंतू औषधाला काही काळ दाद देत नाही, पण तो मूळचा तोच असतो. बंगळूरच्या शास्त्रज्ञ अमित सिंग यांच्या गटानं २०१४ साली एक चमकणारं प्रथिन वापरून जंतूच्या आतली ऑक्सिडेशनची स्थिती प्रत्यक्ष मोजली. त्यांना दिसलं की एकाच प्रकारच्या भक्षक पेशींत राहणारे सारे जंतू सारखे नसतात. ज्यांच्यावर ऑक्सिडेशनचा ताण जास्त, ते औषधानं चटकन मरतात. ज्यांनी आतली घडी नीट सांभाळली आहे, ते तग धरतात. सगळ्यांची जनुकं एक, तरी कुणी आज मरतो, कुणी उरतो. उपचार लांबण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. हा जंतू वाढतोही सावकाश. ई. कोलाय सगळं अनुकूल असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ वीस तास लागतात.

कोडमधला बदल वेगळा. जंतूंच्या मोठ्या संख्येत कुणाच्या तरी कॅटजीत आपोआप चूक होते. साधारण दहा लाखांत एखादा असा निघतो. कॅटजी साफ बिघडलं तर गोळीला धार लागत नाही, पण जंतूची ढालही जाते. काही जंतू मग एएचपीसी नावाचं दुसरं संरक्षक एन्झाइम जास्त बनवून भरपाई करतात. सर्वांत धूर्त बदल आहे तो कॅटजीच्या ३१५ व्या स्थानावरचा. तिथे एक अमिनो आम्ल बदलतं, सेरीनच्या जागी थ्रिओनीन येतं. ढाल बऱ्यापैकी शाबूत राहते, फक्त गोळीला धार लावणं बंद होतं. जगभर आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये हाच बदल सर्वाधिक सापडतो.

झोपलेल्या संसर्गात जंतू थोडेच असतात, म्हणून मला एक गोळी पुरली. पण आजार झालेल्या फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, त्यांत असे बंडखोर आधीपासूनच असणार. म्हणून तिथे आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं एकदम देतात. एकाला चुकवणारा दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. पहिले दोन महिने चारही आणि पुढचे चार महिने त्यांतली काही, असा नेहमीच्या क्षयाचा सहा महिन्यांचा हिशोब.

आणि खरी मेख इथेच आहे. दोन महिन्यांत जोमदार जंतू मरतात. ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. माणसाला वाटतं, बरा झालो. पण आत कॉन्फिगरेशन बदलून बसलेले जंतू उरलेले असतात. त्या वेळी गोळ्या सोडल्या तर ते पुन्हा जागे होऊन वाढतात, आणि त्या वाढीत कोड बदललेले जंतू निपजायला वेळ मिळतो. तात्पुरता बदल कायमचा होतो तो असा. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांनी नोंदवलेले, तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणारे रुग्ण देशभर गाजले, ते आपल्याला आठवत असेल. सुदैवानं त्यानंतर नवी औषधं आली. अशा हट्टी क्षयासाठीही सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला भारतानं २०२४ मध्ये मान्यता दिली. पण तीही औषधं जपून वापरली तरच टिकणार.

ताट-वाटी वेगळी

आमचं मूळ गाव सांगलीजवळ. माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीला लग्नानंतर क्षय झाला होता. वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये ती काही महिने होती. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी, एवढाच तेव्हा उपचार. घरी परत आल्यावर तिचं ताट, वाटी, तांब्या सगळं वेगळं ठेवलेलं असायचं, आणि ते ती स्वतःच घासायची, असं आजी सांगायची. आजीच्या सांगण्यात आजारापेक्षा त्या वेगळ्या तांब्याचंच दुःख जास्त असायचं.

परदेशी शिकायला गेलेल्या आपणा सर्वांच्या आद्य पूर्वज म्हणजे आनंदीबाई जोशी. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं ते २४ मार्च १८८२ रोजी. पुढच्याच वर्षी आनंदीबाई बोटीनं अमेरिकेला निघाल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधली नेमणूक वाट पाहत होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानं त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांना बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. जंतूचं नाव कळलं होतं, गोळी यायला अजून पासष्ट वर्षं होती.

आज गोळी आहे. भारतात सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, शिवाय पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा पैसे जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम पाचशेवरून हजार रुपये झाली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ साली जगात एक कोटी आठ लाख लोकांना क्षय झाला, आणि त्यांतले चारातले एक भारतातले. अडतं कुठे?

गावाकडच्या ओळखीतला एक तरुण एसी टेक्निशियन म्हणून इथे येणार होता. तिकडच्या मेडिकलमध्ये एक्स-रेत डाग निघाला आणि तो 'अनफिट' ठरला. पुढच्या तपासणीत क्षय निघाला. त्याच्या आईचा मला फोन, "भाऊ, कुणाला सांगू नका. धाकटीचं लग्न ठरतंय." दोन महिन्यांनी खुद्द त्याचाच फोन आला, "दादा, आता एकदम ठणठणीत वाटतंय. गोळ्यांनी मळमळतं, लघवी नारिंगी होते. सोडू का?" नारिंगी रंग रिफॅम्पिसिनचा आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही, मळमळीचं मात्र लगेच डॉक्टरांना सांग, असं त्याला म्हटलं. मग कॉन्फिगरेशन आणि कोडची सगळी कथा मोबाइल दुरुस्तीच्या भाषेत समजावली. "म्हणजे व्हायरस गेला असं स्क्रीन दाखवतंय, पण फाइल आतच आहे?" तो म्हणाला. इतक्या कमी शब्दांत मलाही सांगता आलं नसतं. त्यानं सहा महिने पुरे केले. ही नोकरी गेली ती गेलीच. आता सांगलीतच फ्रिज-एसी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. धाकटीचं लग्नही झालं.

त्याच्या आईला मी मद्रासच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली होती. १९५६ मध्ये तिथे क्षयरोग्यांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपल्या लहानशा, गर्दीच्या घरात, पण गोळ्या दोघांना सारख्याच. १९५९ साली निष्कर्ष आला की घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त धोका झाला नाही. नियमित उपचार सुरू झाला की रोग पसरणं लवकर थांबतं. तो पसरतो हवेतून, खोकल्यातून. ताट-वाटीतून नाही. आजीच्या बहिणीचा तांब्या उगाचच वेगळा ठेवला होता.

मेडिकल कमिशनच्या रांगेत छातीचा एक्स-रे काढताना आपल्यापैकी प्रत्येकाच्या छातीत एकदा तरी धडधडलं असेल. नोकरी, मुलांच्या शाळा, गावाकडचं घराचं कर्ज, सगळं त्या एका काळ्या फिल्मवर. म्हणूनच या आजाराबद्दल आपण कुजबुजत बोलतो. पण लपवून ठेवलेल्या आजारात जंतूला हवा असलेला वेळ तेवढा मिळतो.

तेव्हा या निमित्तानं एवढंच सांगणं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, यांतलं काही दिसलं तर तपासून घ्या. गावाकडे फोन कराल तेव्हा तिथेही विचारा. कुणी उपचार घेत असेल तर "बरं वाटतंय का?" याबरोबर "गोळ्या किती महिने झाल्या?" हेही विचारा. आणि कुणी क्षयातून बरा होऊन आपल्याकडे जेवायला आला, तर त्याला सगळ्यांच्या पंगतीत, सगळ्यांसारख्याच ताटात वाढा.

कन्येला प्रोजेक्टमध्ये वीसपैकी अठरा गुण मिळाले. दोन का कापले, असं विचारलं तर म्हणाली, "रोगाशी संबंध हा भाग फार लांबला." तो भाग लांबवण्यात माझाही हात होता, पण मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.